ऊन असेल तर नार्दिस, गडगडणार असेल तर व्हालेसिनेला

साताऱ्याच्या माणसाला धबधबा म्हणजे पाऊस. ठोसेघर बघायचा तो जुलै-ऑगस्टात. दिवाळीनंतर गेलात तर नुसती धार आणि एप्रिलात गेलात तर काळा कोरडा कडा. त्यामुळे बाबांनी म्युनिकला आल्या आल्या इटलीच्या हवामानाचा अंदाज उघडला आणि तोंड वाकडं केलं. सुरुवातीचे दिवस कडक ऊन. "पाऊसच नाही, मग धबधबे कसले बघायचे?" मी म्हटलं, "बाबा, ऊन आहे म्हणूनच चाललोय."

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, नोकरीतली बरीच वर्षं कोयना खोऱ्यात गेली. पाणी दिसलं की ते कुठून येतं, किती येतं आणि पुढे कुठे जातं, हे तीन प्रश्न त्यांना पडतातच. आईला यातला एकही पडत नाही. सावली, बसायला बाक आणि जवळपास कॉफी एवढं मिळालं की ती दिवसभर चालते. शिवाय दोघांचेही गुडघे साठीच्या पुढचे. हे सगळं धरून मी जागा निवडली ती आदामेलो ब्रेंता निसर्ग उद्यानाची.

उत्तर इटलीतल्या त्रेंतिनो प्रांतातलं हे सगळ्यांत मोठं संरक्षित क्षेत्र, ६२० चौरस किलोमीटरच्या आसपास. उद्यान म्हणून त्याची आखणी झाली १९६७ साली. मधोमध रेंदेना नावाचं खोरं आहे आणि या खोऱ्याच्या दोन बाजूंचे डोंगर एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. पश्चिमेला आदामेलो आणि प्रेझानेला, ग्रॅनाइटच्या जातकुळीतल्या खडकाचे, डोक्यावर हिमनद्या. पूर्वेला ब्रेंता, डोलोमाइटचे फिकट सुळके. डोलोमाइट पर्वतांचा भाग म्हणून २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत. पश्चिमेच्या खडकात पाणी मुरत नाही, पूर्वेच्या खडकात टिकत नाही. म्हणजे एकाच गावात मुक्काम ठोकून दोन वेगळ्या जातींचे धबधबे बघता येतात: पश्चिमेला नार्दिस, पूर्वेला व्हालेसिनेला. बाबांना हे नकाशावर दाखवलं तेव्हा त्यांचं वाकडं तोंड जरा सरळ झालं.

म्युनिकहून त्रेंतोला थेट गाडी आहे, ब्रेनर खिंडीतून जाते, पाच तासांच्या आत पोचवते. आई-बाबांकडे शेंगेन व्हिसा होता, त्यामुळे इटलीसाठी वेगळं काही करायचं नव्हतं. फक्त पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नका, कारण या मार्गावर पोलिस डब्यात चढून कागदपत्रं बघतात. त्रेंतोहून पुढे बस, द्राक्षांचे आणि सफरचंदांचे मळे मागे टाकत वळणं घेत वर जाणारी. आम्ही पिंझोलोत राहिलो. वर मादोन्ना दी काम्पिल्यो हे नामांकित गाव आहे, पण ते स्कीवाल्या श्रीमंतांचं. खोल्यांचे भाव बघून मी ती खिडकी बंद केली. पिंझोलोत हॉटेलवाल्यांनी एक पाहुण्यांचं कार्ड दिलं, त्यावर प्रांतातल्या नेहमीच्या बसगाड्या फुकट. खोली घेताना हे कार्ड मिळतं का ते आवर्जून विचारावं. तिघांचे बसचे पैसे वाचतात म्हणजे थोडे नाहीत.

गावात धार लावणाऱ्याचा पुतळा आहे. चाकाची गाडी आणि पात्यावर वाकलेला माणूस. या खोऱ्यात पूर्वी शेतीवर भागत नसे, म्हणून बाप्ये सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव, देशोदेशी जायचे. पार लंडन-अमेरिकेपर्यंत पोचले. आई त्या पुतळ्यापाशी बराच वेळ रेंगाळली. धबधब्यांच्या खोऱ्यातल्या माणसांना पोटासाठी बाहेर पडावं लागलं, हे तिला पटेना. "एवढं पाणी असून?" बाबा म्हणाले, "पाण्यानं काय होतंय, सपाट जमीन नको का?"

पहिला मान व्हाल जेनोव्हाचा. कारिसोलो गावाशी हे खोरं सुरू होतं आणि पश्चिमेला सरळ आदामेलोच्या पोटात शिरतं, सतरा किलोमीटरच्या आसपास. तोंडाशीच एका खडकावर सांतो स्तेफानोचं छोटं चर्च आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर मृत्यूच्या नाचाचं चित्र, १५१९ सालचं. सांगाडे राजाला, पाद्रयाला, शेतकऱ्याला हाताला धरून ओढताहेत. ट्रेकच्या सुरुवातीला हे बघायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. आम्ही पाहिलं.

उन्हाळ्याच्या हंगामात या खोऱ्यात खासगी गाड्यांवर बंधनं असतात, पार्किंग मोजकं आणि पैसे भरून. उद्यानाची स्वतःची बस धावते आणि वडीलधारी बरोबर असतील तर तीच बरी. बसनं वर जायचं आणि पाण्याबरोबर खाली चालत यायचं. सगळे उलट करतात, खालून दम खात चढतात आणि वर पोचेपर्यंत निम्मी मंडळी वैतागलेली असतात. गुडघ्यांना उतार जास्त लागतो हे खरं, पण दोन-दोन काठ्या दिल्या की निभावतं. काठ्या मी म्युनिकहूनच नेल्या होत्या. बाबांनी "मला काय करायच्यात" म्हणून एक परत केली आणि पहिल्या ओल्या मुळापाशी मुकाट्यानं मागून घेतली.

सकाळी वर जाताना आम्ही नार्दिसपाशी उतरलो. रस्त्याला लागूनच आहे, बसमधून पाय खाली टाकला की समोर. उंची सुमारे १३० मीटर. पाणी दोन फाट्यांनी गुळगुळीत कातळावरून खाली येतं, कडा सोडून हवेत उडी मारत नाही, घसरत येतं. पाणी प्रेझानेलाच्या हिमनद्यांचं. बाबा पाच मिनिटं हात मागे बांधून बघत राहिले, मग खाली ओढ्याच्या काठाशी गेले. तिथे पाण्यात अर्धा बुडालेला एक धोंडा होता, त्याच्या अंगावर पांढऱ्या दगडाची आडवी शीर. पाणी त्या शिरेच्या वीतभर खाली. "हा आपला गेज, पाण्याची पातळी मोजायला," ते म्हणाले. "फोटो काढ, वेळ टाक." मी फोटो काढला. साडेनऊ वाजले होते.

मग पुढची बस पकडून थेट वर, बेदोलेच्या पठारापर्यंत. उंची १५७८ मीटर. रस्ता इथे संपतो. समोर खोरं एकदम रुंद होतं, गवत, देवदार जातीची झाडं आणि मधून राखाडी पाण्याची सार्का नदी. राखाडी का, हे बाबांनीच मला सांगितलं, मी त्यांना नाही. हिमनदी खडक घासत सरकते, त्याचा भुगा पिठाइतका बारीक होतो आणि तो तळाला बसत नाही, पाण्याबरोबर वाहत जातो. वर मान्द्रोनेच्या बाजूला आदामेलोची हिमनदी आहे, इटलीतली सगळ्यांत मोठी. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रियाचे सैनिक त्याच बर्फावर, तीन हजार मीटरच्या वर, एकमेकांशी लढले. तिकडे जायला मान्द्रोनेच्या निवाऱ्यापर्यंतची चढण आहे, २४४९ मीटर. ती आमच्या यादीत नव्हती. बाबांनी वर बघितलं, आईकडे बघितलं आणि विषय काढला नाही.

खाली उतरणारी वाट धबधब्यांची वाट म्हणूनच ओळखली जाते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा दगडांवर आणि झाडांवर रंगवलेल्या असतात. लाकडी पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास-मिनिटं असतात. ही पद्धत मला आवडते, पण ते तास धडधाकट इटालियन पायांचे. आम्ही प्रत्येक पाटीला निम्मा वेळ वाढवून धरत होतो आणि त्यात बरोबर बसत होतो. मधे कंटाळा आला तर वाट रस्त्याला येऊन मिळते, तिथे बसचा थांबा सापडतो. हीच या खोऱ्याची सोय. आम्ही दोन तुकडे चाललो, मधला एक बसनं काढला. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

आणि इथे धबधबे इतके का, याचं उत्तर चालताना दिसत जातं. मुख्य खोऱ्यात एके काळी जाडजूड हिमनदी होती, तिनं तळ खोलवर कोरला. बाजूच्या खोऱ्यांतल्या हिमनद्या लहान, त्यांचं कोरणं उथळ. बर्फ मागे हटलं तेव्हा बाजूची खोरी वरच्या वर लटकून राहिली. आता त्यांतलं पाणी मुख्य खोऱ्यात उतरायचं तर कड्यावरूनच येणार. लारेस असाच, फोल्गोरिदा असाच, नार्दिस असाच. एका वळणावर उभं राहून तुम्ही समोरच्या भिंतीवर बोट ठेवून सांगू शकता की बर्फाची पातळी साधारण कुठवर होती. बाबा सांगत होतेच, आईला. आई एका पक्ष्याकडे बघत होती. तपकिरी, छाती पांढरीशुभ्र, चिमणीपेक्षा मोठा. धोंड्यावर उभा राहून गुडघे मोडल्यासारखं वर-खाली करायचा आणि चालत चालत पाण्याखाली जायचा. पोहत नव्हता, तळावरून चालत होता. भर धारेत. थोड्या वेळानं वरच्या अंगाला बाहेर निघायचा, चोचीत काहीतरी. व्हाल जेनोव्हा म्हटलं की आईला आजही तोच आठवतो, धबधबे नाहीत.

वाटेत लाकडात कोरलेले सैतान आणि चेटकिणी भेटतात. दंतकथा अशी की सोळाव्या शतकात त्रेंतोला चर्चची मोठी परिषद भरली, तेव्हा पाद्रयांनी आसपासची सगळी भुतं-सैतानं हाकलून या खोऱ्यात कोंडली आणि ती इथल्या मोठमोठ्या धोंड्यांमध्ये दगड होऊन बसली. आई म्हणाली, आपल्याकडे मुंजा पिंपळावर, यांच्याकडे खडकात, एवढाच फरक. एका धोंड्यावर बसून तिनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली.

दगड मात्र खरंच बघण्यासारखा. पांढऱ्यावर काळे ठिपके, जवळून बघितलं की ठिपके चकाकतात. त्याला टोनालाइट म्हणतात, जवळच्याच तोनाले खिंडीवरून पडलेलं नाव. सह्याद्रीचा बसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेला, म्हणून आपले धबधबे पायऱ्या-पायऱ्यांनी पडतात. हा जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, त्यात थर नाहीत. पाणी अखंड पाठीवरून घसरल्यासारखं येतं. ओला झाला की साबणासारखा. नार्दिसच्या कडेनं वर जाणारी पायवाट आहे, तिथेही धारेजवळच्या ओल्या कातळावर जाऊ नका अशा पाट्या आहेत. तरी पोरं जातात, सेल्फीसाठी. जगात कुठेही जा, हे सारखंच.

पाच वाजायच्या सुमाराला आम्ही परत नार्दिसला पोचलो. सकाळी जिथे उभं राहून बोलता येत होतं तिथे आता तुषारांनी चष्मे ओले होत होते. दोन फाट्यांमधला कातळाचा पट्टा अरुंद झालेला. बाबा आमच्यासाठी न थांबता सरळ आपल्या धोंड्याकडे गेले. पांढरी शीर बुडाली होती, वर चार बोटं पाणी. दिवसभर आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. वर बर्फावर दुपारचं ऊन पडतं, वितळलेलं पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून धबधबा संध्याकाळकडे फुगतो आणि पहाटे ओसरतो. रोज. बाबांनी मनाशी काहीतरी आकडा बांधला, क्युसेकमध्येच असणार. मला सांगितला नाही. "उलटं गणित आहे," एवढंच म्हणाले. "दुष्काळात पूर."

त्यात एक मेख आहे. आल्प्समध्ये उन्हाळ्याच्या दुपारीच गडगडाटी पाऊस येतो. पाणी सगळ्यांत जास्त असायची वेळ आणि वीज पडायची वेळ एकच. म्हणून नार्दिससाठी असा दिवस निवडायचा की अंदाजात संध्याकाळपर्यंत स्वच्छ दाखवलेलं आहे. त्रेंतिनोचा स्वतःचा हवामान विभाग आहे, त्याचा अंदाज फोनवर मिळतो आणि तो फोनमधल्या नेहमीच्या ॲपपेक्षा भरवशाचा, कारण डोंगर धरून केलेला असतो. दुसऱ्या दिवसासाठी त्यानं दुपारी दोननंतर विजा सांगितल्या. मग तो दिवस ब्रेंताच्या बाजूला.

ब्रेंताची बाजू म्हणजे अस्वलांची बाजू. उद्यानाच्या चिन्हावरच अस्वल आहे. इथली अस्वलं जवळजवळ संपली होती, तेव्हा १९९९ ते २००२ या काळात स्लोव्हेनियातून दहा अस्वलं आणून सोडली. आता त्रेंतिनोत ती शंभरच्या आसपास आहेत. २०२३ मध्ये शेजारच्या खोऱ्यात धावायला गेलेल्या एका तरुणाचा अस्वलाच्या हल्ल्यात जीव गेला आणि तेव्हापासून या विषयावर इथे दोन तट आहेत. कोणी वर्तमानपत्र उघडून बसलं असेल तर काढू नये. पाट्यांवर सूचना आहेत: बोलत चाला, कुत्रा मोकळा सोडू नका, समोर आलंच तर पळू नका, सावकाश मागे सरका. आईनं विचारलं, बोलत चालायचं म्हणजे किती मोठ्यानं? मी म्हटलं, आपण बोलतो तेवढं पुरे.

मादोन्ना दी काम्पिल्योहून व्हालेसिनेलापर्यंत हंगामात उद्यानाची बस जाते. वर १५१३ मीटरवर निवारा आहे, तिथून धबधबे दोन्ही बाजूंना: वरचा, मधला, खालचा. आम्ही सकाळी लवकर पोचलो आणि आधी वरच्याकडे निघालो. वाट जंगलातून, मुळांनी भरलेली, चढ बेताचा. काही ठिकाणी उभी झाडं तपकिरी होऊन वाळलेली. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या वादळानं या प्रांतातली जंगलंच्या जंगलं आडवी केली, त्या पडलेल्या लाकडात साल पोखरणारा भुंगेरा माजला आणि आता तो उभी झाडं मारतोय. वादळाचे बळी अजून मोजून व्हायचेत.

वरच्या धबधब्यापाशी बाबा गोंधळले. कड्याच्या माथ्यावर नदी नाही, ओढा नाही. पाणी कड्याच्या मधूनच फुटतं, शेवाळानं हिरव्यागार झालेल्या भिंतीतून, इथून एक धार, तिथून चार. डोलोमाइट भेगांनी भरलेला. वर सुळक्यांवर पडलेलं पाणी आणि वितळलेलं बर्फ आत शिरतं, डोंगराच्या पोटातून वाट काढतं आणि खाली जिथे सापडेल तिथे बाहेर येतं. पाणी काचेसारखं स्वच्छ, कालच्या राखाडीचा मागमूस नाही. हात घातला तर हाडं दुखली. अशा झऱ्याला दुपारच्या उन्हाची घाई नसते. सकाळी आठला जे दिसतं तेच थोड्याफार फरकानं दुपारी चारला. म्हणून गडगडाटाच्या दिवशी इथे सकाळीच येऊन जावं, काही हुकत नाही. गेजसाठी धोंडा शोधायचा बाबांचा विचार होता, पण ते नुसतेच उभे राहिले. "आत काय काय चाललंय काय माहीत," म्हणाले.

तिथून वर कासिनेईचा निवारा, १८२५ मीटर, आणि त्याच्याही वर ब्रेंताच्या भिंती. आईनं पाटीवरची मिनिटं वाचली, निम्मी वाढवली आणि नकार दिला. मग खाली, मधल्या धबधब्याशी. तिथल्या निवाऱ्याच्या अंगणात बाक आहेत, सावली आहे, कॉफी आहे. म्हणजे आईच्या हिशेबानं उद्यान इथेच सुरू होतं. पोलेंता मागवला. मक्याचं भरड पीठ घोटून घोटून शिजवतात, वर अळंबी आणि वितळलेलं चीज. मटणाशिवाय पोटभरीचं काही हवं असेल तर डोंगरातल्या निवाऱ्यांमध्ये हा हमखास मिळतो. बशी निम्मी झाली तेव्हा पहिला गडगडाट झाला, दोनला दहा कमी असताना. आम्ही बिल देऊन बसच्या रांगेत पोचलो तोवर थेंब सुरू झाले होते.

रात्री खोलीत बाबा नकाशा पसरून बसले. कुठून आणि किती झालं होतं, कुठे जातं राहिलं होतं. व्हालेसिनेलाचं पाणी काम्पिल्योच्या सार्कात, नार्दिसचं जेनोव्हाच्या सार्कात, दोन्ही सार्का इथेच पिंझोलोशी एक होतात आणि पुढे गार्दा सरोवरात. पण सगळंच पाणी तसं सरळ जात नाही, हे त्यांना फोनवर सापडलं. वरच्या सार्काचं बरंच पाणी बोगद्यांनी ब्रेंताच्या पलीकडे मोल्व्हेनो तलावात नेलंय आणि तिथून खाली सांता मासेन्झाच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात खोदलेल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कामासाठी तलाव रिकामा केला, तेव्हा तळाशी प्राचीन काळी बुडालेल्या झाडांचे बुंधे उभे सापडले.

कोयनेचं पाणीही असंच बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात जातं, त्यामुळे पुढे काय होणार हे आईला आणि मला एकदमच कळलं. "तलावाकाठी बाक असतील का?" आईनं विचारलं. असतील, म्हटलं. मग लारेसच्या धबधब्यासाठी राखून ठेवलेला दिवस मोल्व्हेनोला गेला.